डावा पंख

कल्लाप्पानं पंख आणला
तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून,
कोंबडी लपवून आणावी तसा.
"वारा होता," म्हणाला.
मी पोतं उलटं केलं. बाकावर पडला
पंख, चार बरगड्यांचा भुगा, मसुराची डहाळी
आणि देसूरच्या शेतातली मूठभर माती.

वारा नव्हता.
बांधावर मी त्याच्या शेजारीच उभा होतो,
निलगिरीचं एक पान हलत नव्हतं.
विमान वळलं, आमच्याकडं तोंड करून यायला लागलं,
आणि समोरून येणाऱ्याचं डावं ते आपलं उजवं,
हे कल्लाप्पाला वीस वर्षं ठाऊक आहे.
अंगठ्यानं ऐकलं नाही.
अंगठा थरथरायला लागून दिवाळीला वर्ष झालं.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी पॅटर्नमेकर. उद्यमबागेत छत्तीस वर्षं
सागवानाचे पंप केले, सागवानाचे व्हॉल्व्ह,
त्यांच्या साच्यात दुसऱ्यांनी बीड ओतलं.
माझ्या पट्टीवरचा इंच इंचापेक्षा किंचित मोठा.
ओतलेलं निवतं, निवताना आकसतं,
तेवढं आधीच सोडून ठेवायचं.
ती पट्टी इथं चालत नाही.
हा बाल्सा. शिंकलो तर उडून जाईल असलं लाकूड.
नातीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली,
तिच्यावर गुलाबी मांजर आहे.

तुळई मोडली होती तिसऱ्या बरगडीच्या पुढं.
सरळ कापून चिकटवलं तर
चिकटतं, आणि तिथंच परत मोडतं.
छेद तिरका घ्यावा लागतो, लांब, एकास आठ,
चांगलं लाकूडही थोडं घालवावं लागतं.
दोन्ही अंगांनी प्लायच्या पट्ट्या, एपॉक्सी,
आणि दोरीवरचे अकरा चिमटे.

रात्री बायको चिमटे शोधत आली.
पंखाकडं बघत राहिली.
"माझ्या मनगटाला सहा आठवडे लागले. ह्याला?"
"सकाळपर्यंत."
"बरं आहे ह्याचं," म्हणाली,
आणि ओलं धुणं खुर्च्यांवर पसरून झोपायला गेली.

पंख लाल. लाल फिल्म संपलेली, पिवळी होती,
तीच इस्त्री करून ताणून बसवली.
समोरचा पोरगा दारातूनच ओरडला,
"काका, लाल-पिवळा! तुम्ही कुणाच्या बाजूचे?"
मी म्हटलं, शिल्लक राहिलेल्या फिल्मच्या.

मग मधोमध दोन बोटांवर तोलला.
डावीकडं कलला. नऊ ग्रॅम,
सगळं गोंद आणि प्लाय.
उजव्या पंखाला काहीच झालेलं नव्हतं,
त्याच्या टोकाला पाचचं जुनं जाड नाणं चिकटवलं.
धडक्याला हे समजावून सांगता येत नाही.

रिमोट माझ्याकडंच राहिला होता.
मागचं झाकण उघडलं,
दांडीची स्प्रिंग दोन आटे आवळली,
म्हणजे बारीक थरथर अंगठ्यातच राहील,
विमानापर्यंत जाणार नाही.
झाकण लावलं. स्क्रूवरचा ओरखडा पुसला.

रविवारी कल्लाप्पा आला.
पंख उन्हात धरून जोड शोधला,
"घावत नाही," म्हणाला. पिवळ्यावरच बोट होतं त्याचं.
मग रिमोट घेतला. दांडी पुढं नेली, मागं आणली,
आणि थांबला.
चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
सूतभर फरक नखानं ओळखायचा.
"स्प्रिंग कडक वाटायलीय."
"थंडी हाय," मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ.
"होय की," म्हणाला,
"त्या दिवशी वारा, आज थंडी."
आणि पोत्याची घडी घालून काखेत मारली.

देसूरला निघालो. स्कूटर मी चालवत होतो,
मागं तो, पंख दोन्ही हातांनी छातीशी धरून.
रेल्वे फाटकाच्या पुढं आरशात बघितलं.
पिवळा तुकडा
बारीक बारीक थरथरत होता.

वारा होता.