मी बोलत असताना खाली उमटलेली अक्षरं

इसेसाकी स्टेशनबाहेर त्यांनी मला गाठलं.
माइकवाला, कॅमेरावाला,
आणि छत्री धरून उभी एक पोरगी.
ऊन माझ्यावर पडू नये म्हणून की कॅमेऱ्यावर, कळलं नाही.

"जपानला कशासाठी आलात?"

तेहेतीस वर्षांत हे मला
डॉक्टरनं विचारलंय, पोलिसानं विचारलंय,
मानेवर वस्तरा ठेवून न्हाव्यानंही.
म्हटलं, कामासाठी. तुमच्या गाड्यांच्या बंपरांना
निकेल चढवायला तुम्हाला माणसं मिळत नव्हती.
एकवीस वर्षं मी मुलामा दिला.
मुलाम्यातलं मला कळतं.

बरंच बोललो मग.
घर शोधत होतो तेव्हाचं सांगितलं.
दलाल फोनवर म्हणायचा,
"परदेशी आहेत, पण जपानी बोलतात,"
आणि पलीकडून काय आलं
ते त्याच्या हळूहळू वाकणाऱ्या मानेवरून मला समजायचं.
सात घरं. सात वेळा ती मान.
दार कुणी आपटलं नाही, शिवी कुणी दिली नाही.
भांडायला जावं तर मुठीत नुसता कापूस.

बातम्यांचंही बोललो.
कुठं तांब्याची तार चोरीला गेली की
"परदेशी वाटणारा इसम".
रात्री दोन वाजता, टोपी आणि मास्कच्या आत,
वाटतो कसा हो माणूस परदेशी?
आणि पूर आला त्या साली
शाळेच्या व्यायामशाळेत तीन दिवस
आम्ही डेगी चढवल्या, केशर होतं तेवढं घातलं,
तेव्हा छापून आलं, "स्थानिक रहिवाशांनी जेवण दिलं".
म्हटलं, हेच एक ठरवा.
मी स्थानिक कधी असतो, त्याचं वेळापत्रक द्या,
भिंतीला लावतो.

माइकवाला हसला. पोरगी हसली नाही.

रविवारी लागला कार्यक्रम.
तासाभरात माझे अकरा सेकंद.
"इथलं पाणी फार गोड आहे," मी म्हणतो.
म्हटलं होतं, खोटं नाही,
कारखान्याच्या सांडपाण्यावर येण्याआधी.
कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात एक नटी
तोंडावर हात ठेवून चकित होते.
फरामर्झचा "फारा-सान" झालेला.
आणि खाली, जाड पिवळ्या अक्षरांत,
माझंच जपानी, जपानीत.
शब्दाला शब्द तोच.
माझ्या आधी एक म्हातारा बोलला,
तोंडात दात नाही, पोटात दुपारची दारू,
आम्हाला घरात कुणालाच काही कळलं नाही.
त्याच्याखाली एक अक्षर नव्हतं.

मुलीनं आवाज बंद केला.
शिओरी इथंच जन्मली,
तिलाही विचारतात, चॉपस्टिक जमतात का.
"बाबा, आता बघ," म्हणाली.
आवाजाशिवाय ती अक्षरं नुसती चमकत राहिली,
ताज्या बंपरासारखी.

सोमवारी कचऱ्याच्या कोपऱ्यावर कुवाजिमा बाई.
एरवी मान लववतात आणि पिशव्या तपासतात.
"काल पाहिलं. छान बोललात."
कावळ्यांसाठीची निळी जाळी ओढता ओढता, माझ्याकडे न बघता,
"बाकीचं कापलं ना?"

मी काही बोललो नाही.

"माझे यजमान टेबलावरच गेले. सलग सतरावा दिवस होता कामाचा.
वर्तमानपत्राचा माणूस येऊन दोन तास बसला.
छापलं काय, तर पत्नीनं कंपनीचे आभार मानले.
मानले होते. खोटं नाही.
फुलं पाठवली होती त्यांनी."

जाळीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.
दोघांनी वाकून दगड ठेवले.
वर तारेवर कावळा, कुणाच्याच बाजूचा नाही.

मग त्यांनी माझ्या पिशवीची गाठ सोडली,
आतून बाटलीचं एक झाकण काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं.
"हे गुरुवारी," म्हणाल्या.