पिशवीतलं पाणी

ओस्त्रावापासून समुद्र किती लांब, मला विचारू नका.
आमच्या तिसऱ्या मजल्यावर तो आहेच,
तीनशे लिटर, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून,
आणि त्याच्या विजेचं बिल मी भरते.

जानेवारीत, उणे नऊ अंशांत, ट्राममधून ओल्द्रिख आला,
कोटाच्या आत, लेकरू घ्यावं तशी पिशवी धरून.
बूटही काढले नाहीत. म्हणाला,
“द्राहोमिरा, दिवा मालव.”
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
इतक्या आतुरतेनं हे पूर्वी कधी म्हणाला होता, आठवत नाही.

पिशवी न उघडता आधी तरंगत ठेवली,
न्हाणीघरातल्या छोट्या टाकीत.
मोठ्या समुद्राचं दार अजून सहा आठवडे बंद.
मग बादली, बादलीत मासा, त्याच्याच पाण्यासकट,
वरून बारीक नळी, नळीला गाठ,
दवाखान्यात सलाइन लावतात तसं:
सेकंदाला दोन थेंब, जास्त नाही.
“मोज,” म्हणाला.
मोजणं मला येतं.

खाणीच्या दिवेघरात सव्वीस वर्षं होते मी.
दिवा द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, खिळ्याला अडकवायचा.
पाळी सुटली की दिवा आत, बिल्ला परत, खिळा मोकळा.
एका फेब्रुवारीत चार बिल्ले खिळ्यांवरच राहिले.
ते मी अजून मोजते.

पाच वर्षांपूर्वी यानं घाई केली होती.
देखणा मासा, पिशवीसकट सगळं ओतलं.
दहाव्या दिवशी साऱ्यांच्या अंगावर पांढरे दाणे,
कुणी मीठ भुरभुरावं तसे.
सात मासे चहाच्या गाळणीनं काढले.
हवा तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका,
असं जन्मभर पोरांना बजावणारा हा माणूस
गाळणी धुवत राहिला. धुवत राहिला.
नवी आणली तरी ती फेकली नाही.

तर तासाभरानं काचेच्या नळीतून
उजेडाकडे बघत म्हणाला, “खारेपणा जुळला.”
मासा डब्यानं अलगद उचलला,
पाणी मात्र मोरीत.
“ते आत जाता कामा नये.”
कुठल्याशा बेटाजवळचं ते चार घोट पाणी,
विमानांचं, गोदामांचं, मुक्या भीतीचं,
आमच्या मोरीतून ओस्त्राविचे नदीकडे निघालं.
एवढा प्रवास करून!

सहा आठवडे मी दात घासताना त्याला पाहिलं.
बोटभर. तोंडाकडून जांभळा, शेपटीकडून पिवळा,
प्लास्टिक पाइपाच्या तुकड्यात बसलेला,
सामान न उघडलेल्या पाहुण्यासारखा.
अंग स्वच्छ. श्वास सरळ.
कोळंबीचा पहिला कण त्यानं माझ्या हातून घेतला,
ओल्द्रिखच्या नाही. हे मुद्दाम सांगते.

मार्चमधल्या एका रविवारी यानं मोठ्या टाकीतले दगड हलवले.
जुना क्लाउन दादागिरी करतो;
आपलंच घर ओळखू येईना
तर तो भांडेल कशावरून?
पुन्हा थेंब. पुन्हा मोजणं.
पुन्हा काळोख, यावेळी सगळ्या घरात,
आणि आम्ही दोघं स्टुलांवर, हाताची घडी घालून,
काही न दिसणाऱ्या काचेकडे बघत.
शेजारच्या राडोवानानं दार ठोठावलं.
आम्ही उघडलं नाही.

पहाटे मी आधी उठले.
कपारीखाली मासा उलटा. पोट वर.
हाक मारली नाही मी.
उभी राहिले फक्त,
जशी एकदा खिळ्यांसमोर उभी होते.

ओल्द्रिख आला, चष्मा लावला,
आणि खोकला येईपर्यंत हसला.
“अगं, तो असाच राहतो, छताला पोट लावून!
आमचा थर जेमतेम साठ सेंटिमीटरचा.
कसं काम करायचो आम्ही, वाटतं तुला?”

मासा उलटाच होता.
क्लाउननं लांबून एक फेरी मारली,
तोंड फिरवलं,
आणि आपल्या हरवलेल्या दगडाच्या शोधात निघून गेला.

मी गाळणी घेतली.
चहासाठी.