पहिल्या हप्त्याआधी

तुम्ही पहिल्यांदाच आलात, ते दिसतंय.
फाईल छातीशी धरलीये,
नवं पोरगं पाटी धरतं तशी.
बसा. साहेब साडेअकराशिवाय येत नाहीत.
उजवीकडे सरका, या बाकाचा डावा पाय हलतो.

मी वत्सला भंगाळे.
भुसावळात, जामनेर रोडला, आमचं कूलरचं दुकान होतं.
पत्रा आम्हीच कापायचो, वाळा आम्हीच भरायचो.
पतसंस्थेचं कर्ज काढून एका उन्हाळ्यासाठी
दोनशे दहा कूलर बांधले
आणि त्याच उन्हाळ्यात अख्ख्या गावानं
हप्त्यावर एसी घेतले.
हसा, हसा. मीही हसते आता.
हप्त्यानंच बुडवलं,
आता हप्त्यानंच वर यायचंय.

आत गेलात की महिन्याचा खर्च विचारतील.
गॅस किती, फी किती, किराणा किती.
खरं सांगा.
मी लाजेपायी दूध अर्धा लिटर सांगितलं, लागायचं एक.
त्यावरच हप्ता बसला
आणि चार महिने घरानं कोरा चहा प्यायला
माझ्या एका अर्ध्या लिटरपायी.

करारनामा सहा पानांचा आहे. सही शेवटच्या पानावर,
पण चौथं पान वाचा.
व्याज थांबवलं असं लिहिलंय का, बघा.
दंडव्याज वेगळं असतं, ते वेगळं विचारा.
नुसतं "बघू" म्हणाले तर खुर्ची सोडू नका.

फोन लगेच थांबत नाहीत.
मला पुण्याहून एक मुलगी करायची, दुपारी दोनला,
डोळा लागायच्या वेळेला बरोबर.
तिच्या यादीतून आपलं नाव उशिरा खोडलं जातं.
करार क्रमांक सांगायचा, ओरडायचं नाही,
तिचाही कुठेतरी हप्ता असेल.
आणि मग एक दिवस दोन वाजतात, फोन वाजत नाही.
त्याचीच भीती वाटते.
मी शेजारच्या पोराला म्हटलं,
मला एक मिस कॉल दे रे, चालू आहे का बघू.

सात तारीख सणवार बघत नाही.
चौथी सात आखाजीच्या तोंडावर आली.
लेक माहेरी आलेली, लिंबाला झोका,
खापरावर मांडे केले, पुरण जरा बेतानंच,
साडी मात्र घेता आली नाही.
ती झोक्यावरून उतरली,
कपाटातून माझीच एक जुनी जांभळी काढली,
म्हणाली, ही मला केव्हाची हवी होती.
खोटं बोलली.
माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलली.

जामीनदार कोण तुमचा?
नका सांगू, मान खाली गेली तुमची, कळलं.
माझे नंदोई होते, प्रल्हादराव.
नोटीस त्यांच्याही दारावर चिकटली होती.
त्या हिवाळ्यात बाजारात मला बघितलं की
वांग्यांच्या ढिगात वाकायचे,
एकेक वांगं उलटंपालटं करून
मी पुढे जाईपर्यंत निवडत बसायचे.
अकरावा हप्ता गेला त्या आठवड्यात घरी आले.
पिशवीत भरताची वांगी, दोन किलो.
"निवडून आणलीत," एवढंच म्हणाले.
मी चुलीवर भाजली. जेवून गेले.
कर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आज माझा एकोणिसावा.
एकोणतीस उरलेत.
हलकं वाटतं का, विचाराल.
तसं नाही वाटत. पण पूर्वी
मला आकडाच माहीत नव्हता, नुसतं खूप होतं.
आता एकोणतीस आहेत.
भाजी चिरताना कधी कधी मोजते.

तो बघा, दत्तू शिपाई आला. धुळ्याकडचा आहे,
सगळ्यांना एकच म्हणतो, "बठा माय, व्हई जाई."
पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला होता.
आता तो नाव पुकारेल
आणि आडनाव चुकवेल, नेहमीच चुकवतो.
दुरुस्त करत बसू नका.
उठा. फाईल जरा खाली धरा.