एक जून

कोल्हापूरला रूळ संपतात.
पुढं एक लोखंडी अडसर,
त्यावर कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल.
म्हणून पोरं इथं उतरतात.
कोल्हापूर बघायचं असतं म्हणून नव्हे,
गाडी आणखी पुढं नेत नाही म्हणून.

आमची संस्था उद्यमनगरात,
खाली लेथ मशीन, वर अठ्ठावीस गाद्या.
मी रजिस्टर लिहिते.
नाव, गाव, पालक, अंगावरच्या खुणा.
पालकाच्या रकान्यात आडवी रेघ मारायला
आता मला पट्टी लागत नाही.

जन्मतारीख मात्र कोरी ठेवता येत नाही.
डॉक्टर दाढा मोजतात, मनगटाचा फोटो काढतात,
‘अमुक ते तमुक’ लिहून देतात,
आणि मी त्यातलं एक वर्ष उचलते
भाजीवाल्याच्या ढिगातून वांगं उचलावं तसं.
दिवस ठरलेला. एक जून.
शाळेतले मास्तर पूर्वी लिहायचे, तोच.

त्यामुळं सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी.
मालनमावशी परातभर शिरा करतात, गुळाचा.
मेणबत्ती एक, तोंडं अठ्ठावीस,
फुंकर कुणाची लागली यावरून दरसाल मारामारी.

गिरमल आला तेव्हा थंडी होती.
कन्नड बोलायचा, नाहीतर काहीच नाही.
खिशात तुटक्या चपलेचा अंगठा,
बाकीची चप्पल कुठंच नाही.
डॉक्टरांनी दिलं बारा ते चौदा.
त्या दिवशी लेकीच्या शाळेत पालकसभा होती, मला घाई होती.
मी तेरा लिहिलं.

तीन वेळा पळाला.
एकदा रंकाळ्यावर सापडला, भेळेच्या गाड्याखाली झोपलेला.
एकदा गंगावेशीत, म्हशींच्या कट्ट्यावर,
ओठांवर दुधाचा फेस,
पैसे कोण देणार म्हटल्यावर आमच्याकडं बोट.
तिसऱ्यांदा सापडलाच नाही.
आपणहून आला, रात्री दोनला.
मावशींनी काही न विचारता भाकरी पुढं केली,
आणि सकाळी सगळी भांडी घासायला लावली.

मग तो जून आला.
शिरा खाऊन झाला.
कायद्यानं अठरा पूर्ण.
पत्र्याची पेटी, दोन शर्ट,
फाउंड्रीच्या मालकाला चिठ्ठी,
खोलीच्या डिपॉझिटला संस्थेचे तीन हजार.
सहीसाठी रजिस्टर पुढं केलं
तर पानं उलटत त्यानं माझं जुनं अक्षर शोधलं.
“आक्का, तारीख तुम्हीच लिवलीसा न्हवं?
मग एक वर्स खोडा की.”

ड्रॉवरमध्ये पांढऱ्या शाईची बाटली होती.
मी ड्रॉवर उघडला.
शिक्का काढला.
मारला.

खाली लेथ चालू होता,
त्यामुळं तो जाताना काय म्हणाला ते ऐकू आलं नाही,
असं मी घरी सांगितलं.

आता तो ओतकाम करतो.
मनगटापर्यंत भाजल्याचे बारीक ठिपके,
नखांत काळी वाळू.
सुट्टीला आमच्या माणसांबरोबर स्टेशनवर जातो,
रूळ संपतात तिथं उभा राहतो,
उतरणाऱ्या पोराशी आधी कन्नडमध्ये बोलतो, मग आपल्यात.

काल एकाला घेऊन वर आला.
नाक वाहतंय, दोन्ही मुठी मिटलेल्या.
चिठ्ठीवर दहा ते बारा.
मी पेनाचं टोपण काढलं
तसा गिरमल टेबलावर वाकला.
“धाच लिवा, आक्का.
ऱ्हाऊ दे त्याला दोन वर्सं.”