दोन झटके

दारीनच्या किनाऱ्यावर वारा पडला की
सगळे शिंपले फोडायला बसतात.
तारासिस सुरी चार बोटांत धरतो.
उजवा अंगठा नाही.

तो त्यानं स्वतःच तोडला, कुऱ्हाडीनं,
भरतीचा कारकून गावात यायच्या आदल्या रात्री.
शेजारच्या कोनॉननंही. एकाच ओंडक्यावर.
अंगठ्याविना भाला पेलत नाही, हा त्यांचा हिशेब.
कैसरचा हिशेब त्याहून पक्का:
आधी अशांना जाळत,
मग नवं फर्मान निघालं –
दोन थोटे मिळून एक धडधाकट धरावा.

तसे ते दोघे मिळून एक शिपाई झाले.
गोंदण मात्र दोघांनाही पुरतं,
आमच्या बायका हनुवटीवर काढतात तसं हौसेचं नव्हे.

कोनॉन तापानं गेला, युफ्रेटिसकाठच्या ठाण्यावर.
"उरलेला अर्धा पळाला,
तर गुन्हा सबंध होतो का रे?"
मला काय कळतं. मी दोरवाला.
तो नाकाला शिंगाचा चिमटा लावून
दगडासोबत खाली जातो,
मी वर आकडे मोजतो.

मागे एक व्यापारी सांगत होता, तिकडे
पळपुट्याला आसरा देणाऱ्या गरिबालाही खाणीत धाडतात.
श्रीमंताची अर्धी मिळकत जाते.
अर्ध्याची फार आवड दिसते त्यांना.

ते फर्मान इथं पोचत नाही, मधे एवढी वाळू.
पण बरशब्बा गेल्या हंगामात पळाला
तेव्हा नाखव्यानं त्याला कतीफच्या बाजारातून
बखोटीला धरून आणलाच की.
बाप खोकतो आता. बुड्या पोरगा मारतो.
तारासिसच्या नावावर तीन हंगामांची उचल आहे.

वर ओढायची खूण म्हणजे दोरीला एक झटका.
तो दोन देतो, पहिल्या दिवसापासून.
एक माझा, एक कोनॉनचा, म्हणतो.
नाखवा ओरडतो, मरायला टेकलास काय!

काल एकच आला.
क्षणभर मी दुसऱ्याची वाट पाहत राहिलो,
मग घाबरून ओढला.
वर आला तो कठड्याला लोंबकळत, धापा टाकत,
डोळे लाल, आणि माझ्याकडे बघेना.

रात्री शेकोटी विझताना म्हणाला,
लहानात लहान होडीला किती माणसं लागतात?

एक, मी म्हटलं.

आणि उठून अंधारातच
मडक्यातले खजूर मोजायला लागलो.