तीन चुका

सावद्याला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
केळी पिकवायच्या आठ खोल्या.
त्यांची थंडी माझ्या हातात:
सोळा पॉइंट पाच.
कुणी तेराच्या खाली ओढली
तर सकाळी साल राखेसारखी,
आणि दिल्लीचा ट्रक रिकामा उभा.

रात्री एक सतरा.
पडद्यावर ओळी चढत राहतात.
रूट. अ‍ॅडमिन. टेस्ट. गेस्ट.
पुन्हा रूट.
एकपासून सहापर्यंतचे आकडे,
मग सहापासून उलटे.

नामदार तडवी बॅटरी घेऊन खिडकीशी येतात.
"चोर आले का?"
"आले. आज चार हजार."
ते काठी या हातातून त्या हातात घेतात,
कुंपणाला एक फेरी मारून येतात.
"कोनी नाही," म्हणतात.
तेही खरंच.

बावीस नंबरचं दार मी बुजवलं,
दुसरीकडे काढलं. दोन दिवस शांतता.
तिसऱ्या दिवशी तेही सापडलं,
अंधारात भिंत चाचपत
एखाद्याचा हात कडीवर यावा तसं.
राग येत नाही आता.
राग यायला पलीकडे कुणी लागतं.
पलीकडे बहुतेक कुठल्या दवाखान्याचा कॅमेरा,
कधीचा फोडलेला, मालकाला पत्ता नाही,
तो रात्रभर आमची कडी वाजवतो.

मग नियम लावला:
तीन चुका, की दहा दिवस बाहेर.

शेठचं लॉगिन त्यांच्याच नावाचं. उखर्डू.
आधीची तीन भावंडं गेली
म्हणून यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं,
कचरा समजून मरण पुढं जावं म्हणून.
गेलं पुढं. सत्त्याहत्तर वर्षं झाली.

महिन्याच्या नोंदी चाळल्या मी.
सव्वा लाख ठोके.
जॉन, मारिया, अहमद, ली,
राहुलसुद्धा अकरा वेळा,
उखर्डू एकदाही नाही.
जगाच्या कुठल्याच यादीत
कुणी हे नाव धरलेलं नाही.
त्या बाईची युक्ती अजून चालते,
जिनं पोराला उकिरड्यावर ठेवलं.

आणि काल, दोन चाळीसला:
उखर्डू.
उखर्डू.
उखर्डू.
तिन्ही चूक. दार बंद.
माझ्या हातातला चहा तसाच राहिला.
कुणाला कळलं?

फोन वाजला. बऱ्हाणपूर. मागे लग्नाचा बँड.
"अव चेतना, चष्मा घरी राह्यला.
मलेच कोंडलं का व भायेर?"

आवाज ओळखीचा, तरी विचारलं,
तीन नंबरच्या खोलीत माल कुणाचा?
"फिरकेचा. उशिरा आला, शिव्या खाल्ल्या माह्या."
तेव्हा कुठं कुलूप सैल केलं.
ते आत आले, आकडा पाहिला,
सोळा पॉइंट पाच,
"बरं" म्हणाले, गेले वरातीत.

मागोमाग रूट. टेस्ट. रूट.
तीन नंबरच्या खोलीत
फिरकेची केळी देठाकडून पिवळी व्हायला लागली होती.