शेव वेगळी

इंदुरात कुणी आधी 'कशी आहेस' विचारत नाही,
'काय खाल्लंस' विचारतात.
मी नववीपासून या प्रश्नाचं खोटं उत्तर देते.

पोह्यांवर शेव पडली
की चार मिनिटांत ती मऊ पडते.
कुरकुरीत आणि मऊ यांच्या मधे जी अवस्था असते
तिला नाव नाही,
पण माझ्या दातांना ती कळते,
मानेपर्यंत काटा येतो.
वर डाळिंबाचे दाणे, न सांगता फुटणारे.
वर जिरावण. वर काकू:
"सराफ्याच्या गावात जन्माला येऊन
पोरगी वारा खाऊन राहिलीये!"

एकेक पदार्थ गळत गेला.
आधी कालवलेलं सगळं. मग ओलं. मग पिवळं.
शेवटी उरला डब्यातला खारा टोस्ट,
तोही कडा शाबूत असलेला.

वजन सदतीस झालं तेव्हा
गीताभवनाजवळच्या डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणून विचारलं,
बारीक दिसायचंय का तुला?
आरशाशी माझं भांडण नव्हतं हो.
उपाशी राहिलं की
ट्यूबलाइटची गुणगुण कमी होते,
राजवाड्याकडचे हॉर्न
ओल्या कापसातून आल्यासारखे येतात,
टोस्ट मोजले की दिवस मोजून होतो.
आणि भूक म्हणजे नक्की कुठे दुखतं,
हे मला अजून कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही.

एकतिसाव्या वर्षी फाइलवर शब्द आला:
स्वमग्न.
आई तो दोनदा वाचून गप्प बसली.
मी म्हटलं, चुकीचा आहे.
स्वतःत मग्न होता आलं असतं
तर जेवले नसते का मी?
मला सगळंच ऐकू येतं,
बाबांच्या जबड्याची कटकटसुद्धा.

लोकमान्यनगरच्या कोपऱ्यावर भेरूलालची गाडी.
त्याने काही वाचलेलं नाही.
एका सकाळी माझ्याकडे, नाही, माझ्या हातांकडे बघून
एवढंच म्हणाला, "अलग?"
तेव्हापासून पोहे एका कागदावर,
शेव दुसऱ्या,
मधे बोटभर जागा.

आज नऊ घास.
काल अकरा होते.
आईने आकडा विचारला नाही.
दुपारी पाहते तर तिने
वरणाची वाटी ताटाबाहेर ठेवलेली,
भाताला न टेकणारी.

मी त्या मधल्या जागेकडे बघत बसले.
भात निवत होता.
मला निवलेलाच चालतो.